‘बुद्ध्यंक ६८’ असा अहवाल आला आहे. तो कसा वाचावा आणि पालकांना काय सांगावे?

पोडावरचा शिक्षक (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. मी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेपासून जवळ असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्याकडची बरीच मुले शेजारच्या कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येतात. घरी ती कोलामी बोलतात, बाजारात वऱ्हाडी ऐकतात आणि पुस्तकातल्या मराठीशी त्यांची खरी गाठ शाळेतच पडते.

चौथीतला एक मुलगा वाचनात फार मागे आहे. अक्षरे ओळखतो, पण जोडाक्षर आले की अडतो, आणि धडा मी वाचून दाखवला तरी त्यावरच्या प्रश्नाला बहुधा गप्प राहतो. मागच्या सत्रात एका शिबिरात त्याची मानसशास्त्रीय चाचणी झाली आणि शाळेकडे एक पानाचा अहवाल आला. त्यावर शाब्दिक बुद्ध्यंक ५८, कृति-बुद्ध्यंक ७८ आणि एकूण बुद्ध्यंक ६८ असे तीन आकडे आहेत आणि त्याखाली ‘सौम्य बौद्धिक अक्षमता’ असा शेरा आहे. चाचणी कोणती होती, कोणत्या भाषेत घेतली, मुलाशी किती वेळ बोलणे झाले, यातले काहीही लिहिलेले नाही.

वडिलांना अहवाल दाखवला तेव्हा ते म्हणाले, “अडुसष्ट टक्के म्हंजे त पोरगा पास झाला न गुरुजी?” त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. इकडे गावातले काही जण मुलाला निवासी विशेष शाळेत पाठवा असा आग्रह धरत आहेत. हाच मुलगा संध्याकाळी घरच्या बकऱ्या मोजून आणतो, आठवडी बाजारातून तेल-मीठ आणून उरलेले पैसे बिनचूक परत देतो आणि लहान बहिणीला सांभाळतो.

हा ६८ नक्की काय सांगतो, तो किती भरवशाचा मानावा, आणि चाचणी पुन्हा करून घ्यावी का, याबद्दल कोणी समजावून सांगितल्यास उपकार होतील.

मानसमापन (चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, नागपूर)

गुरुजी, आधी वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण तो प्रश्न शहरातले शिकलेले पालकही मला विचारतात. बुद्ध्यंक म्हणजे टक्के नव्हेत. शंभरपैकी अडुसष्ट प्रश्नांची उत्तरे बरोबर आली असा त्याचा अर्थ नाही, आणि मुलाची बुद्धी अडुसष्ट टक्के आहे असा तर मुळीच नाही. बुद्ध्यंक ही तुलना आहे. त्याच वयाच्या पुष्कळ मुलांना तीच चाचणी त्याच पद्धतीने दिली, तेव्हा त्यांना जे गुण मिळाले त्यांच्या मांडणीत हा मुलगा कुठे बसतो, एवढेच तो सांगतो. आजच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, १५ असते. त्यामुळे सुमारे दोनतृतीयांश मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात आणि शंभरातली दोन-तीन मुलेच ७० च्या खाली राहतात. वडिलांना एवढेच सांगा की ही परीक्षा नव्हती, तिच्यात पास-नापास नाही, आणि मुलाला कोणत्या बाबतीत मदत लागते हे पाहण्याचा तो एक प्रयत्न होता.

चाचणी म्हणजे कोणीही बसून काढलेले चार प्रश्न नव्हेत. प्रश्न कोणते, कोणत्या शब्दांत विचारायचे, किती वेळ थांबायचे, अर्धवट उत्तराला किती गुण द्यायचे हे सारे आधी ठरलेले असते आणि प्रत्येक परीक्षकाने ते तसेच पाळायचे असते. याला प्रमाणीकरण म्हणतात. पुष्कळ मुलांच्या गुणांवरून तुलनेचे जे तक्ते तयार होतात त्यांना प्रमाणके म्हणतात, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मर्म या प्रमाणकांतच आहे. तुलना कोणाशी केली? तक्ता नागपूरसारख्या शहरातल्या, घरीही शाळेचीच भाषा बोलणाऱ्या मुलांवरून तयार झालेला असेल आणि चाचणी पोडावरच्या मुलाला दिली असेल, तर हिशेब कितीही काटेकोर केला तरी त्यातून निघणारा आकडा बुद्धीबरोबरच भाषेचे अंतरही मोजतो. तो आकडा खोटा नसतो, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही नसतो.

याच कारणाने अभ्यासक विश्वसनीयता (दर वेळी तेच उत्तर मिळणे) आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. कापूस खरेदीतला एखादा काटा दर वेळी क्विंटलमागे दोन किलो कमीच दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे, कारण रोज तेच सांगतो. पण त्याचे मोजमाप सप्रमाण नाही. चाचणी पुन्हा घेतली आणि पुन्हा ६८ च आले, तर आकडा स्थिर आहे एवढेच कळेल. तो बुद्धीचाच आहे की मराठी न समजल्याचा, हे त्यावरून ठरणार नाही.

आता तुमचे तीन आकडे. ते पाहून मला वाटते की चाचणी बहुधा आर्थर मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी असावी, पण अहवालात नाव नसल्याने हा माझा अंदाजच समजा. मॅलिन यांनी हे काम आपल्या नागपुरातच केले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या १९४९ सालच्या मुलांसाठीच्या चाचणीचे ते भारतीय रूप आहे आणि ते सहा ते पंधरा या वयोगटासाठी वापरतात. त्यात सहा शाब्दिक आणि पाच कृतींच्या उपचाचण्या आहेत. सामान्य माहिती, आकलन, अंकगणित, दोन गोष्टींतले साम्य, शब्दसंग्रह आणि ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे हा शाब्दिक भाग झाला. चित्रातली उणीव ओळखणे, ठोकळ्यांची नक्षी जुळवणे, तुकड्यांतून वस्तू बनवणे, संकेतलेखन आणि चक्रव्यूह हा कृतींचा भाग आहे. प्रत्यक्ष प्रश्न मी येथे लिहिणार नाही. ते फुटले की चाचणी निकामी होते. दोन्ही भागांचे वेगवेगळे बुद्ध्यंक काढून त्यांची सरासरी ‘एकूण’ म्हणून लिहितात. ५८ आणि ७८ यांची सरासरी ६८ होते, म्हणून मला हा अंदाज करता आला.

आणि येथेच खरी अडचण आहे. दोन भागांत वीस गुणांचे अंतर असताना त्यांच्या सरासरीचा फारसा उपयोग राहत नाही. ६८ हे त्या मुलाच्या कोणत्याच कामाचे वर्णन नाही. बोलण्यात तो त्याहून खाली आहे आणि हाताने करण्याच्या कामात त्याहून वर. एवढे अंतर दिसल्यावर परीक्षकाने थांबून विचारायला हवे होते की भाषेचा अडसर आहे का, ऐकायला कमी येते का, विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित यांपुरतीच अडचण, आहे का, की मूल अनोळखी माणसापुढे नुसते बुजले होते. घड्याळ लावून ‘लवकर कर’ म्हणणारी परकी व्यक्ती हा अनुभवच अनेक मुलांना नवा असतो.

शिवाय कोणतेही मापन नेमक्या बिंदूवर उभे नसते. चाचणीची विश्वसनीयता शून्य ते एक या मापावर ०.९० आहे असे धरले, आणि ती चांगली मानली जाते, तरी १५ च्या प्रमाण विचलनाला मापनाची प्रमाण त्रुटी पावणेपाचच्या आसपास येते. तिच्या सुमारे दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना धरतात, म्हणजे ६८ हा आकडा ‘बहुतेक ५९ ते ७७ यांच्या दरम्यान’ असा वाचायचा असतो. हा पट्टा ७० च्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे, म्हणून केवळ त्या आकड्यावरून ‘अक्षमता आहे’ किंवा ‘नाही’ असा शिक्का मारता येत नाही. चांगल्या अहवालात हा पट्टा लिहिलेला असतो. तुमच्या अहवालात तो दिसत नाही, आणि इतरही बरेच काही दिसत नाही.

शेवटचा मुद्दा निदानाचा. बौद्धिक अक्षमता आहे असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी लागतात: बौद्धिक कार्यात ठळक उणीव, रोजच्या जगण्यातल्या समायोजनात्मक वर्तनात ठळक उणीव, आणि या दोन्हींची सुरुवात वाढीच्या वयात झालेली असणे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाचव्या निदानपुस्तिकेत तर अक्षमतेची तीव्रताही बुद्ध्यंकावरून न ठरवता समायोजनावरून ठरवायला सांगितले आहे. बाजारातून सामान आणून उरलेले पैसे बिनचूक परत देणारा मुलगा या दुसऱ्या कसोटीवर कुठे बसतो, हे कोणी तपासले का? अहवालात त्याबद्दल एक ओळही नसेल, तर ते निदान माझ्या दृष्टीने अपुरे आहे.

फिरती ताई (समावेशित शिक्षण, विशेष शिक्षिका)

मॅडमनी शास्त्र सांगितले आहे, मी कामाचे सांगते. गुरुजी, सर्वांत आधी मुलाचे कान आणि डोळे तपासून घ्या. आमच्याकडे ‘मंद’ म्हणून पाठवलेल्या मुलांपैकी काहींचे कान वर्षानुवर्षे वाहत असतात आणि घरी त्याला कोणी आजार मानत नाही. जो मुलगा मागच्या बाकावरून अर्धेच ऐकतो तो धड्यावरच्या प्रश्नाला गप्पच राहणार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. ते येईपर्यंत थांबायचे नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. त्या दुखण्याने मूल वारंवार गैरहजर राहते, आणि काही मुलांत मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर नकळत परिणाम होऊन अभ्यास मागे पडतो. आपल्या भागात ही शंका सोडून चालत नाही.

समायोजनासाठी सामाजिक परिपक्वतेची व्हाईनलँड श्रेणी वापरतात. एडगर डॉल यांनी ती १९३५ मध्ये अमेरिकेत केली आणि तिचे भारतीय रूपही मॅलिन यांनीच तयार केले. आमच्या कागदपत्रांत आजही ती ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच लिहिली जाते. तिच्यात मुलाला काही सोडवायला देत नाहीत. आई, आजी किंवा मुलाला रोज पाहणाऱ्या माणसाला विचारतात की तो स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, एकटा कुठपर्यंत जातो, पैसे हाताळतो का. म्हणून मुलाबरोबर जो जाणार तो त्याला खरोखर ओळखणारा असावा. शिबिरात बहुतेक वेळा मजुरी बुडू नये म्हणून रिकामा असलेला काका किंवा शेजारी पाठवतात, आणि तो प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

निवासी शाळेच्या आग्रहाबद्दल एवढेच सांगते की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सहा ते अठरा वर्षांच्या लक्षणीय (४० टक्के किंवा अधिक) दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती त्याची आणि पालकांची असते, गावाची नाही. त्या कायद्यातले ‘४० टक्के’ हे दिव्यांगत्वाचे प्रमाण आहे, त्याचाही बुद्ध्यंकाशी घोळ होऊ देऊ नका. वडिलांना आधीच एक टक्का छळतो आहे.

पोडावरचा शिक्षक

दोघींचेही मनापासून आभार. कानाची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. उजव्या कानातून पाणी येते असे त्याच्या आजीने आज विचारल्यावर सांगितले.

आणखी तीन शंका आहेत. भाषेचाच अडसर असेल तर शब्द न लागणारी, केवळ आकृत्यांची चाचणी घेतली म्हणजे प्रश्न सुटतो का? दुसरे, मोबाईलवर अशा आकृत्यांचे नमुने मिळतात. पुन्हा चाचणी होण्याआधी मी त्याच्याकडून ते सोडवून घ्यावेत का? तिसरे असे की तालुक्याच्या गावी एक मंडळी मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन त्यावरून बुद्धीचा प्रकार सांगतात आणि जाड फाईल देतात. आमच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की त्यात भाषा लागतच नाही, म्हणून पोडावरच्या मुलांसाठी तेच बरे.

धानपट्ट्यातला पालक (सिंदेवाही)

ठशांच्या बाबतीत मी उत्तर देतो, कारण आमच्याकडेही ती मंडळी येऊन गेली. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात आणि त्यांच्यावरून गणिताची आवड किंवा बुद्धीचा प्रकार कळतो याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. वर मॅडमनी सांगितलेल्या कसोट्या लावून पाहा. प्रमाणके कुठे आहेत? सप्रमाणता कोणी तपासली? फाईल जाड असते, कारण तिच्यात प्रत्येक मुलाला लागू पडेल असा मजकूर भरपूर असतो. भाषा लागत नाही हे खरे आहे, पण मूलही लागत नाही, फक्त त्याचे बोट लागते. तेवढ्या पैशांत मुलाला कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे.

निवृत्त प्राध्यापक, अमरावती

बिनशब्दांच्या चाचणीविषयी लिहितो. ही आशा जुनी आहे. रेव्हन यांच्या आकृतिमालिका १९३८ मध्ये आल्या. पुढे कॅटेल यांनी आपल्या चाचणीला संस्कृतिनिरपेक्षतेच्या जवळ जाणारे नाव दिले. आपल्याकडे चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ मध्ये पाच कृति-चाचण्यांची मालिका प्रसिद्ध केली, आणि तिचा मोठा गुण असा की निरक्षर मुलांचा विचार तिच्यात मुळापासून केलेला होता. कोलामी बोलणाऱ्या मुलासाठी अशी चाचणी शाब्दिक चाचणीपेक्षा निश्चितच न्याय्य आहे. परंतु तिने प्रश्न सुटतो असे मानू नये. कागदावरच्या आकृतीकडे डावीकडून उजवीकडे पाहणे, ‘पुढे काय येईल’ हा प्रश्न खेळ म्हणून स्वीकारणे आणि चार पर्यायांतून एकच निवडणे या सवयी शाळेने लावलेल्या असतात, आणि शालेय शिक्षणाबरोबर आकृतींच्या चाचणीतले गुणही वाढतात. भाटियांची प्रमाणके उत्तर प्रदेशातल्या अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांवरून, तेही मुलग्यांवरून, तयार झालेली आहेत. गुरुजींचा विद्यार्थी चौथीत आहे. म्हणजे तो बहुधा त्या वयोगटातच बसत नाही.

प्रमाणकांच्या वयाचाही प्रश्न आहे, आणि तो गमतीदार आहे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या चाचणीचे रूपांतर केले ते १९३० च्या दशकात, आणि ते अजूनही वापरात आहे. अनेक देशांत असे दिसून आले आहे की पिढी बदलते तसे चाचणीतले सरासरी गुण वाढतात. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात हे ठळकपणे मांडले आणि अमेरिकेतल्या आकड्यांत ही वाढ दशकाला सुमारे तीन गुण इतकी होती. म्हणजे जुन्या तक्त्याशी तुलना केली तर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगून दिसण्याची शक्यता असते. एकीकडे परकी भाषा आकडा खाली ओढते, दुसरीकडे जुना तक्ता तो वर ढकलतो, आणि या दोन चुका एकमेकींना नेमक्या पुसून टाकतील असे समजण्याला काही आधार नाही.

म्हणून माझे मत मानसमापन मॅडमपेक्षा कडक आहे. ज्या भाषक समूहासाठी प्रमाणकेच नाहीत त्या समूहातल्या मुलाच्या अहवालात बुद्ध्यंकाचा आकडा लिहूच नये. काय करता आले, काय आले नाही आणि कोणत्या मदतीने आले, एवढेच वर्णन लिहावे. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली मालिका केली तेव्हा तिच्यात तीस छोटी कामे होती, आणि उद्देश एवढाच होता की नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत द्यावी. बुद्ध्यंक हा भागाकार (मुलाचे काम ज्या वयाच्या मुलासारखे होते ते वय भागिले त्याचे खरे वय) बिने यांचा नव्हेच. तो विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये, म्हणजे बिने यांच्या निधनानंतर सुचवला, आणि त्याला शंभराने गुणून मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी १९१६ मध्ये अमेरिकेत रूढ केले.

मानसमापन

सरांच्या विवेचनाशी सहमत आहे, निष्कर्षाशी पूर्णपणे नाही. आकडा न लिहिण्याची चैन मला परवडत नाही, कारण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देणारे मंडळ आकडा मागते आणि तो नसेल तर ज्या मुलाला खरोखर सवलतीची गरज आहे त्याचे प्रकरण अडकून पडते. मी आकडा लिहिते आणि त्याच ओळीत लिहिते की चाचणी मुलाच्या मातृभाषेत झालेली नाही, दुभाषी कोण होता, शाब्दिक भागाचा अर्थ का लावू नये आणि पुन्हा तपासणी कधी करावी. मंडळातले सगळेच ती दुसरी अर्धी ओळ वाचतात असा माझा दावा नाही, आणि सरांचा आक्षेप बहुधा तिथेच आहे.

दुभाष्याबद्दल एक सूचना. पोडावरची थोडी शिकलेली, मुलाच्या ओळखीची पण घरातली नसलेली व्यक्ती मिळाली तर उत्तम. तिला आधी समजावून सांगावे लागते की प्रश्नाचे फक्त भाषांतर करून सांगायचे, उदाहरण द्यायचे नाही, मान हलवायची नाही आणि उत्तर चुकले तरी हसायचे नाही. वडिलांना हे जमत नाही. लेकराला अडलेले पाहून ते उत्तर सुचवतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

नमुने सोडवून घेण्याचा विचार मात्र सोडून द्या. सरावाने गुण वाढतात, पण ती वाढ त्या आकृत्यांपुरती असते, आणि ज्यांच्याशी तुलना होणार त्या मुलांनी तसा सराव केलेला नसतो. याच कारणाने तीच चाचणी लगेच पुन्हा घेऊ नये. साधारण वर्षभराचे अंतर ठेवतात, किंवा दुसरी चाचणी वापरतात. त्याऐवजी मुलाला अनोळखी माणसासमोर बसून चित्र काढण्याची, ठोकळ्यांशी खेळण्याची सवय होऊ द्या. त्याने बुजरेपणा कमी होतो आणि चाचणीला धक्का लागत नाही.

चाचणी घेणाऱ्याची पात्रताही विचारावी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि अहवालावर सहीखाली नोंदणी क्रमांक लिहिणे अपेक्षित आहे. तो विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

फिरती ताई

एक विचारायचे राहून गेले. गुरुजी, त्याची जन्मतारीख काय लिहिली आहे? प्रवेशाच्या नोंदवहीत १ जून तर नाही ना?

पोडावरचा शिक्षक

ताई, १ जूनच आहे. जन्म घरी झाला, दाखला नव्हता, आणि पहिलीत घेताना अंदाजाने सहा वर्षे पूर्ण लिहिली गेली असणार. तुमचा प्रश्न वाचून मी अंगणवाडीत जाऊन जुनी वजनाची नोंदवही पाहिली. तिच्यात त्याचा जन्म पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातला आहे आणि पहिल्या महिन्यापासूनची वजने भरलेली आहेत, म्हणजे ती नोंद मागाहून लिहिलेली वाटत नाही. अहवालात वय दहा वर्षे धरले आहे. या नोंदीप्रमाणे तो तेव्हा जेमतेम नऊचा होता. याने आकडा बदलतो का?

मानसमापन

बदलतो, आणि चांगलाच बदलतो. सरांनी उल्लेख केलेल्या जुन्या भागाकाराने दाखवते, म्हणजे वडिलांनाही सांगता येईल. मुलाचे काम सरासरी पावणेसात वर्षांच्या मुलासारखे झाले असे धरा. वय दहा मानले तर पावणेसात भागिले दहा, गुणिले शंभर म्हणजे ६८ च्या आसपास; वय नऊ मानले तर तेच काम ७५ वर जाते. आजचे तक्ते वेगळ्या पद्धतीने बांधलेले असले तरी तेही वयानुसारच असतात, त्यामुळे दिशा हीच राहील. नेमका आकडा किती येईल हे मूळ गुण पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

यासाठी पुन्हा चाचणी घ्यावी लागत नाही. परीक्षकाकडे उपचाचण्यांचे मूळ गुण नोंदपत्रिकेत असतात. योग्य वयाच्या तक्त्यावरून ते पुन्हा रूपांतरित करता येतात. शाळेच्या पत्रावर अंगणवाडीच्या नोंदीची मुख्याध्यापकांनी साक्षांकित केलेली प्रत जोडा आणि पाच गोष्टी लेखी मागा: चाचणीचे नाव, ती कोणत्या भाषेत घेतली, उपचाचण्यांचे स्वतंत्र गुण, दुरुस्त वयानुसार काढलेला बुद्ध्यंक आणि समायोजनाची तपासणी झाली असल्यास तिचा निकाल. कानाच्या तपासणीचा कागद आला की तोही पाठवा. कान वाहत असताना चाचणी झाली असेल, तर शाब्दिक भागाचा विचार उपचारांनंतरच नव्याने करावा लागेल.

फिरती ताई

आणि पत्राची पोच घ्या. शाळेतली जन्मतारीख दुरुस्त करण्याचे प्रकरणही आत्ताच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा, कारण दाखल्यावरची तारीख आणि वैद्यकीय कागदावरची तारीख जुळली नाही तर पुढे ऑनलाइन अर्ज तिथेच परत येतो.